ओटा स्वच्छ, डाग नाही

सोमवार, ३ मार्च

ताईनं आज दोन वह्या दिल्या. एक ओट्याची, आणि ती भरली की वापरायला दुसरी. दुसरी मी पिशवीत घालून घरी आणली. पहिली भरायला वर्ष लागेल, तोवर हिचं काय लोणचं घालायचंय? चौथीपर्यंत शिकलेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण माझं मला लागतं. तेवढं पुरे.

नवरा म्हणाला, "काय लिहिणार आहेस?"

"तुमच्या तक्रारी."

"मग एका वहीत भागायचं नाही," म्हणाला आणि बूट काढायला बसला. हा डेपोत बस धुतो. मी ओटे धुते. दोघांचे हात कायम ओले.

तर ओटा. बाईंच्या घरी मी अकरा वर्षं जाते, सकाळी आठ ते दोन. बाई एकट्याच. अठ्ठ्याहत्तर वय. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात बाटल्यांना लेबलं लावली, गोळ्या मोजल्या. यजमान गेले. मुलगी एकच, म्हणजे ताई, ती सहा तासांवर दुसऱ्या गावात. जुन्या ओट्याच्या फरशा फुटल्या होत्या, म्हणून ताईनं आठवडाभर रजा काढून नवा बसवून घेतला. क्वार्ट्झचा. काळा कुळकुळीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

बसवणारा कारागीर मला समोर उभं करून सांगत होता, "मावशी, हा ग्रॅनाइट नाही. गरम भांडं थेट ठेवलंत तर कायमचा चट्टा. ब्लीच नको, अ‍ॅसिड नको, तारेची घासणी नको. मऊ फडकं, भांड्याचा साबण, आणि पुसलं की लगेच कोरडं करायचं."

मी म्हटलं, "बाळंतिणीचे पण इतके लाड करत नाहीत."

"काळा आहे ना. पांढऱ्यावर खपून जातं. काळ्यावर बोट लागलं तरी दिसतं."

निघताना ताईनं मला लिफ्टपाशी नेलं. "मावशी, वहीत रोज लिहायचं. काय वापरलं, कुठे डाग पडला, सांडलं का काही. आई फोनवर सगळं छानच सांगते. ओटा खोटं बोलणार नाही. तिला एकटीला झेपत नाही असं दिसलं, तर मी तिला माझ्याकडे नेणार आणि हे घर विकून टाकणार."

मी मान हलवली. मनात म्हटलं, आणि मी? माझा उजवा गुडघा वाकत नाही. चार घरं त्यापायी सुटली. इथे कमरेइतक्या उंचीचं काम आहे, म्हणून चाललंय. हे घर गेलं की मला दारात कोण उभं करणार?

मंगळवार, ४ मार्च

हा दगड म्हणजे डोक्याला ताप आहे. साबणानं पुसला की ढगासारखे पट्टे. पाण्यानं पुसला की थेंबांचे पांढरे ठिपके. तीनदा पुसला, तीनदा शिव्या घातल्या.

शेवटी बाई उठल्या. त्या कारागिरानं सांगितलं होतं म्हणे, अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी आणि साबणाचे दोन थेंब. बाईंनी मापाच्या पेल्यानं मोजून फवाऱ्याच्या बाटलीत भरलं. हात जरा थरथरला, पण थेंब सांडला नाही. मग चष्मा पुसून लेबल लिहिलं आणि चिकटवलं. मला वाचायला लावलं. मी अडखळत वाचलं. "बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये."

"दगडाला पोट कुठे असतं, बाई?"

"दगडाला नसतं, माणसांना असतं. लेबल नसलेली बाटली माझ्या घरात राहणार नाही. दुकानात एकदा एकानं..." आणि ती बिनलेबलाच्या बाटलीतलं प्यालेल्या माणसाची गोष्ट. अकरा वर्षांत साठ वेळा ऐकलीय. आज मधेच थांबल्या. त्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. मला काय, माझं काम लवकर झालं.

मात्र पट्टे गेले. ओटा असा झाला की तोंड पाहून घ्यावं. माझं तोंड पाहण्यासारखं नाही ती गोष्ट वेगळी.

ताईच्या वहीत लिहिलं, ओटा स्वच्छ, डाग नाही.

शुक्रवार, ७ मार्च

काळ्या दगडाचा एक गुण आहे. आदल्या दिवशी मी गेल्यावर काय काय झालं ते सगळं सकाळी त्याच्यावर वाचता येतं. कागदावरचं मला जड जातं, हे सोपं. इथे दूध सांडलं, इथे पाव कापला, इथे हात टेकून बराच वेळ उभ्या होत्या. दोन्ही तळवे, दहाही बोटं, स्पष्ट.

आज चार कप होते. दोन प्यालेले, दोन भरलेले, गार, वर साय धरलेली. म्हटलं, "पाहुणे?"

"ती येते ना," बाई म्हणाल्या. "काही घेत नाही. नुसती बघत बसते."

"कोण?"

"तुला माहितीये कोण."

मला कसं माहीत असणार? शेजारची असेल. नाहीतर एखादी जुनी मैत्रीण. दोन दोन कप चहा फुकट घालवायचा म्हणजे कमाल आहे. मी ओतून दिला.

बुधवार, १२ मार्च

आज डोकं फिरलंय.

बाईंनी सकाळी दुधात साखर घालायला सांगितली. साखरेच्या डब्यावर नवीन लेबल. मीठ. मी दोनदा वाचलं. मी-ठ. पलीकडच्या डब्यावर साखर. मी शिकलेल्या माणसासारखं लेबल वाचून त्या डब्यातलं दोन चमचे दुधात घातलं. बाईंनी घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकला.

"तुला वाचता येत नाही का?"

"येतं म्हणून तर घातलं. लेबल कोणी लावलं?"

"मी चाळीस वर्षं लेबलं लावलीत," म्हणाल्या. "एक चूक दाखव."

मी दोन्ही डबे त्यांच्यापुढे आपटले. त्यांनी लेबलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसल्या. त्यांच्या नजरेत असं काहीतरी होतं की मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. अडाणी बाई वहीत लिहायला लागली ना, मग बघू किती येतं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारी चेष्टा करते, तर तू पण कर."

"मी काय करू? तिच्या चष्म्याला लेबल लावू?"

"तुझ्या तोंडाला लाव. आत विष आहे म्हणून."

दोघं हसलो. पण मला लागलं ते लागलंच. लेबलं मी तशीच ठेवली. मला कुठल्या डब्यात काय आहे ते ठाऊक आहे. लेबलं त्यांनी वाचावीत.

शनिवार, १५ मार्च

झालं. जे नको होतं ते झालं.

शेगडीच्या डाव्या हाताला तव्याएवढा चट्टा. पांढुरका, मेलेला. डोळ्यात मोतीबिंदू पडतो तसा. साबणानं नाही, स्पिरिटनं नाही, काही केल्या जाईना. लाकडी चकती तिथेच एक वीत अंतरावर पडली होती. इतकी जवळ की राग यावा.

"बाई, हे काय केलंत?"

"मी नाही ठेवलं. तू ठेवलंस."

"मी काल दोनला गेले. तेव्हा नव्हतं."

"मग तिनं ठेवलं असेल."

"कोण ती? तिला एकदा मला भेटवा, मी बघते तिच्याकडे."

बाई हळूच म्हणाल्या, "ताईला सांगू नकोस गं. ती मला इथून नेईल." आणि माझा हात धरला. अकरा वर्षांत बाईंनी कधी माझा हात धरला नव्हता. मी म्हटलं, "सोडा, साबण लागलाय."

घरी येऊन नवऱ्याची बुटांच्या पॉलिशची डबी घेतली आणि दुपारी परत गेले. काळं पॉलिश बोटावर घेऊन चट्ट्यावर गोल गोल जिरवलं, मग कोरड्या फडक्यानं चमकवलं. लांबून बिलकूल कळत नाही. जवळून जरा चिकट लागतं. खायचं काही त्यावर ठेवायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.

ताईच्या वहीत पेन बराच वेळ धरून बसले. मग लिहिलं, ओटा स्वच्छ, डाग नाही.

नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला पाहिजे. चोराच्या बाजूनं.

गुरुवार, २० मार्च

ताईचा फोन, चेहरा दिसणारा. "आई, ओटा दाखव." बाईंनी फोन फिरवला तशी मी झटक्यात पॉलिशच्या जागेवर कपबशांचा ट्रे ठेवला आणि पुढे उभी राहिले.

"मावशी, कसा आहे ओटा?"

"तोंड बघा त्यात."

बाई तर अशा बोलल्या की ऐकत राहावं. नातवाला खोकला होता, तर कुठलं औषध, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी का नंतर, सगळं घडाघडा. ताई खूश. "तू म्हणजे चालतं दुकान आहेस, आई."

फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोण होती गं ती? फार गोड बोलत होती."

मला संताप आला. मुलीशी एवढं शहाण्यासारखं बोलायचं आणि माझ्यापुढे हे नाटक. मी म्हटलं, "तुमची मुलगीच. दुसरं कोण?"

"हो, हो. चेष्टा केली तुझी."

म्हटलंच होतं मी. चेष्टाच करतात.

मंगळवार, २५ मार्च

पॉलिश दर दोन दिवसांनी द्यावं लागतं. धूळ धरतं. आता दुसरा चट्टाही आहे, सिंकपाशी. तिथे बाईंनी संडासाचं अ‍ॅसिड ओतलं. म्हणाल्या, ती खालून बघते, ती जावी म्हणून. मी म्हटलं, मी सकाळी वाकून पुसते तेव्हा खालून तुमच्याकडेच बघते, मला घालवायचंय का? रागानंच म्हटलं. बाईंनी लहान मुलासारखी मान हलवली. "तू नाही. तू चांगली आहेस. ती म्हातारी."

मी त्रेपन्न वर्षांची. म्हातारी म्हटलेलं मला सोसत नाही. कोणाला का म्हटलेलं असेना.

अ‍ॅसिडची बाटली मी घरी घेऊन आले. एवढी अक्कल मला आहे.

ताईची वही, नेहमीचंच.

गुरुवार, ३ एप्रिल

गुडघा सुजलाय. आठवडाभर लिहायला बसले नाही.

बाईंचं खाणं कमी झालंय. मी दुपारचं जेवण झाकून येते, दुसऱ्या सकाळी अर्धं तसंच. पण ताटं दोन असतात. दुसऱ्या ताटात नीट वाढलेलं, एका घासालाही हात न लावलेलं, ओट्याच्या अगदी मधोमध. मी आल्याबरोबर सगळं आवरते, धुते, पुसते. साडेआठला घर असं दिसतं की कोणी यावं आणि बघावं. ही माझी अडाणी बाईची शाळा. यात मला कोणी नापास करून दाखवावं.

मंगळवार, ८ एप्रिल

फवाऱ्याच्या बाटलीचा दट्ट्या तुटला. बटण दाबलं की नुसती हवा. मी आतलं सगळं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, फवाऱ्याची बाटली टाकून दिली. फडक्यावर ओतून घेतलं तरी काम होतं. उलट बरंच.

ताईला फोनवर म्हटलं, फवारा तुटलाय, येताना घेऊन या. ती म्हणाली, महिनाअखेरीला येते.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज बाईंनी बाटलीवरून धारेवर धरलं. "ही बिनलेबलाची बाटली कोणाची?"

"ओट्याची. तुम्हीच तर मोजून बनवलं होतं."

"मग लेबल का नाही? दुकानात एकदा एकानं..."

"बाई, मला पन्नास कामं आहेत. लावा तुम्हाला लावायचं ते."

असं तोडून बोलले. दोन वाजायला आले होते, माझी बस होती. गोष्ट आज पूर्ण सांगणार होत्या की काय कोणास ठाऊक.

सोमवार, १४ एप्रिल

बाटलीला लेबल लागलंय. बाईंचं अक्षर, सुबक, मोत्यासारखं, जरा तिरपं. मी वाचलं. पा-णी. पाणी.

रागानं फडकं सिंकमध्ये आपटलं. साखर आणि मिठावर झालं नाही, आता हे. त्यांना बघायचंय की ही बया वाचून पाणी म्हणून पिते का, की वास घेऊन ओळखते. मी नाकपुड्या फुगवून त्यांच्यासमोर वास घेतला आणि म्हटलं, "छान पाणी आहे हं, बाई."

त्या म्हणाल्या, "मग? उकळून गाळून ठेवलंय."

तोंडावर हसू नाही. एवढी मुरलेली नटी मी पाहिली नाही.

लेबल काढायला नख लावलं होतं. मग म्हटलं, नाही. त्यांनी लावलंय, त्याच काढतील. बघू कोण आधी हरतं. बाटली ओट्यावर होती तिथेच ठेवली, लेबल त्यांच्या बाजूला करून.

बुधवार, १६ एप्रिल

सकाळी गेले तर बाई स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला टेकून. उलटी झालेली. श्वास घरघर. हाक मारली, चिमटा काढला, डोळे उघडेनात. तोंडाला स्पिरिटचा वास.

ओट्यावर दोन ग्लास. एक रिकामा. एक काठोकाठ भरलेला, मधोमध, आपलं कोणी समोर बसलंय आणि त्याला द्यावा तसा. बाटली अर्ध्याच्या खाली.

रुग्णवाहिकेला फोन केला. ती येईपर्यंत अठरा मिनिटं. बाईंना कुशीवर केलं, तोंड पुसलं, उशी दिली. मग काय करावं सुचेना, आणि हात थांबेनात. भरलेला ग्लास सिंकमध्ये ओतला. दोन्ही ग्लास धुतले, कोरडे केले, कपाटात ठेवले. ओटा पुसला. पॉलिशसुद्धा दिलं. लिहिताना हात जळतोय माझा. बाई माझ्या पायाशी घरघरत होत्या आणि मी चट्टा चमकवत होते.

रुग्णवाहिकेतला म्हणाला, "काय घेतलं यांनी?" मी बाटली दिली. त्यानं लेबल पाहिलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

गुरुवार, १७ एप्रिल

ताई कालच सहा तास गाडी चालवत आली, रात्रभर इथेच जागी. बाई बेशुद्ध. उलटी फुफ्फुसात गेलीय.

डॉक्टर तरुण बाई आहे, डोळ्याखाली काळं. तिनं विचारलं, "त्या गोंधळतात का? विसरतात का? कधीपासून?"

ताई म्हणाली, "अजिबात नाही. आठवड्यातून तीनदा बोलतो आम्ही. नातवाची औषधंसुद्धा तिनंच सांगितली. आणि या रोज जातात, यांनी सगळं लिहून ठेवलंय." पिशवीतून ओट्याची वही काढली. येताना बाईंच्या घरून घेऊन आली होती. डॉक्टरनं पानं उलटली. ओटा स्वच्छ, डाग नाही. ओटा स्वच्छ, डाग नाही. एक महिना तेरा दिवस.

"मावशी, तुम्हाला काही जाणवलं का?"

मी म्हटलं, "मला काय कळतं? मी ओटा पुसते."

मग इस्पितळाचा कारकून आला. बाटलीवरचं अक्षर कोणाचं? ताईनं पाहिलं. "आईचं." कारकून म्हणाला, म्हणजे आत काय आहे ते त्यांना माहीत होतं, आणि वर मुद्दाम पाणी लिहिलं, कोणी अडवू नये म्हणून. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात होत्या ना? त्यांना समजल्याशिवाय राहील का? त्यानं कागदावर लिहिलं. मला उलटं वाचता येत नाही, पण ताईनं मोठ्यानं वाचलं. स्वतःहून घेतले.

ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "मी तिला एकटी ठेवली, मावशी. नवा ओटा घालून दिला आणि निघून गेले. तिला जगायचं नव्हतं आणि मला तिनं सांगितलंही नाही."

माझ्या तोंडात आलं होतं. गिळलं.

शनिवार, १९ एप्रिल

नवरा म्हणतो, "गप्प बस. तुझं नाव कुठे नाही. बाटली तिनं बनवली, लेबल तिनं लावलं, प्यायली ती. तू कशाला मधे पडतेस? तुरुंगात ओटे पुसायला जायचंय?"

"तिनं जीव नाही दिला हो."

"तुला कसं माहीत?"

"जीव देणारी बाई दोन ग्लास भरत नाही."

तो म्हणाला, "दुसरा ग्लास कुठाय?"

"धुतला."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. चेष्टा केली नाही. पहिल्यांदाच.

दुपारी बाईंच्या घरी गेले. किल्ली माझ्याकडे असते. उलटीचा वास अजून होता, तो साफ केला. मग ओट्यापाशी, बाई ज्या जागी हात टेकतात तिथे हात टेकले आणि खाली पाहिलं. त्या पाहायच्या तसं, पुसायला म्हणून नाही.

एक म्हातारी बाई वर बघत होती. केस विस्कटलेले, गाल बसलेले. मी हलले तर ती हलली.

दीड महिना मी तिला रोज घासून लख्ख केलं. एवढी लख्ख, की बाईंना ती खरी वाटावी. बाईंनी तिला चहा दिला, जेवण वाढलं, पाणी दिलं. आणि सकाळी येऊन मी सगळं आवरलं, म्हणजे ती आली होती हे कोणाला कळू नये.

ब्लेडनं दोन्ही चट्ट्यांवरचं पॉलिश खरवडून काढलं. आता तो ओटा जसा आहे तसा आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

हे इस्पितळाच्या बाकड्यावर लिहितेय. बाई परवापासून शुद्धीवर आहेत, पण डॉक्टर म्हणते घरी जातील असं धरून चालू नका. फुफ्फुसं भरलीत. ताई आता आत आहे. तिची भेटीची वेळ संपली की बाहेर येईल.

सकाळी डॉक्टरनं परत तेच विचारलं. कधीपासून? कारण त्यावर पुढची औषधं ठरतात. ताईनं नुसती मान हलवली. पाच-सहा दिवसांत ती दहा वर्षांनी थकलीय. काल माझ्याशी बोलताना म्हणाली, मावशी, मला आता आयुष्यभर एवढंच माहीत राहणार, की आईनं हे माझ्यामुळे केलं.

कधीपासून ते एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. तारखेसकट. चार कप, मीठ, तवा, अ‍ॅसिड, दोन ताटं, लेबल. मी काय वाचलं आणि काय ठेवलं तेसुद्धा. दोन पानं फाडावीत असं वाटलं होतं, चौदा तारखेचं आणि सोळाचं. काल वही पुढ्यात घेऊन बसले होते. नवरा बघत होता. मी फाडली नाहीत. आयुष्यभर पुसलं, आता पुरे.

ताई काय करील ते करील. कामावरून काढेल हे तर नक्की. काम तसंही कुठे राहिलंय?

मघाशी दहा मिनिटं मला आत सोडलं होतं. बाईंच्या हाताला नळी, नळीच्या वर बाटली. त्या तिच्याकडे बघत होत्या. आवाज घोगरा, कान तोंडाशी न्यावा लागतो.

"लेबल आहे का तिला?"

"आहे, बाई. मी वाचलं. मिठाचं पाणी."

"बरोबर वाचलंस ना?"

"बरोबर वाचलं."

मग बराच वेळ डोळे मिटून. मला वाटलं झोपल्या. उठायला लागले तर बोटांनी माझा पदर धरला.

"ती एकटी आहे गं तिकडे. मी तिला पाणी दिलं होतं. तिनं घेतलं का?"

"नाही घेतलं, बाई. तिचा ग्लास भरलेलाच होता."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. माझ्याकडे पाहून हसल्या, अगदी खरं हसू.

"शहाणी आहे," म्हणाल्या.

ताई बाहेर आली. ही वही देते.